दर उन्हाळ्यात सुटणारे सांधे : जुन्या सागवानी-शिसवी फर्निचरची पुन्हा पुन्हा येणारी तक्रार

सोलापुरात जुन्या फर्निचरचं काम करणाऱ्याकडे मार्च संपता संपता एकच तक्रार येऊ लागते. श्रावणात सांधून दिलेली खुर्ची परत डुगडुगतेय. कपाटाच्या दाराची फळी मधोमध चिरली. पलंगावर कूस बदलली तरी करकर होते. गिऱ्हाईक साहजिकच विचारतं, "मिस्त्री, गोंद पातळ घातलाव का ओ?"

गोंद पातळ असणं हे कारण फार कमी वेळा निघतं. तरीही बहुतेक ठिकाणी उपाय तोच होतो: सांध्याच्या फटीत आणखी गोंद सोडायचा, दोरीने आवळायचं, वरून एक खिळा. पावसाळाभर ती खुर्ची घट्ट राहते आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा हलते. तीन-चार वेळा असं झालं की मूळ सांधा इतका खराब होतो की चांगल्या कारागिरालाही त्यात फारसं काही करता येत नाही. शंभर वर्षं टिकलेली खुर्ची दहा वर्षांच्या दुरुस्त्यांनी संपते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून कारण काय, ते ओळखायचं कसं आणि काम कोणत्या क्रमाने करायचं, हे सविस्तर लिहितो.

लाकूड का हलतं

लाकूड कितीही जुनं असलं तरी हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. आपल्याकडे ऑगस्टच्या भिजट हवेत, आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास असताना, उघड्यावर ठेवलेलं लाकूड हळूहळू १४ टक्के ओलाव्यापर्यंत जातं. एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीपार असतो आणि हवेत २५ टक्केही आर्द्रता उरत नाही. त्या हवेत तेच लाकूड ५ टक्क्यांकडे उतरू लागतं. घरातलं, पॉलिश केलेलं फर्निचर इतकं टोक गाठत नाही. तरी ६ ते १२ टक्के एवढी ये-जा सहज होते.

आता हिशेब बघा. साध्या चिराईच्या (ओंडका सरळ समांतर फळ्यांत चिरलेल्या) सागवानी फळीचा ओलावा १ टक्क्याने बदलला की तिची रुंदी साधारण ०.१९ टक्क्याने बदलते. म्हणजे ३०० मिलिमीटर रुंदीची कपाटाची फळी ६ टक्क्यांच्या फरकाला सव्वातीन मिलिमीटरच्या वर आकसते. खुर्चीच्या बैठकपट्टीचं, म्हणजे बैठकीखालच्या आडव्या पट्टीचं, कुसू (पायाच्या भोकात शिरणारं टोक) ६० मिलिमीटर उंच असेल तर ते जवळजवळ पाऊण मिलिमीटर कमी होतं. लांबीच्या दिशेने, म्हणजे रेषांच्या दिशेने, लाकूड जवळपास हलतच नाही. खरी अडचण इथेच आहे. कुसू पायाच्या भोकात आडवं शिरतं. कुसवाची उंची आकसते, पण त्याच दिशेला पायाच्या लाकडाच्या रेषा उभ्या असल्याने भोकाची उंची तेवढीच राहते. दोघांचा मेळ वर्षातून दोनदा बिघडतो.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पावसाळ्यात घडते, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. हवा ओली झाली की कुसू फुगू पाहतं, पण भोकात त्याला जागा नसते. मग लाकडाचे तंतू आतल्या आत चेपतात. चेपलेला तंतू परत पूर्ववत होत नाही. उन्हाळ्यात ते कुसू सुकतं तेव्हा ते आधीच्या उन्हाळ्यापेक्षाही बारीक झालेलं असतं. दरवर्षी थोडं थोडं असं होतं. खुर्ची "दर वर्षी जास्तच हलते" असं गिऱ्हाईक म्हणतं ते खरंच असतं. अशा सांध्यात नुसता गोंद ओतला तर तो फटीत गोळा होऊन बसतो. बहुतेक गोंदांना फट भरायची ताकद नसते.

आधी निदान

खुर्ची सपाट फरशीवर ठेवा. एक हात पाठीवर, एक हात समोरच्या विरुद्ध पायावर, आणि कर्णरेषेत हळू दाबा. कोणता सांधा हलतो ते डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. सांध्याच्या फटीत साधा कागद सरकवून बघा. कागद एका बाजूने आत गेला आणि दुसऱ्या बाजूने अडला, तर कुसू एकाच अंगाने धरून आहे. जो सांधा घट्ट आहे तो उगाच उघडू नका. जुना सांधा धरून असेल तर त्याच्याइतका चांगला दुसरा आपल्याला जमेलच असं नाही.

सांध्याखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर मात्र थांबा. सुकवणीमुळे भुकटी पडत नाही, ती लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची असते. त्याचा उपाय वेगळा आहे आणि तो आधी करायला हवा. पोखरलेल्या कुसवाला कितीही चांगला गोंद लावला तरी काही पकडत नाही.

मग आधीचा गोंद कोणता आहे ते तपासा. बाहेर आलेल्या थेंबावर कोमट पाणी लावून काही मिनिटं थांबायचं. चिकट, बोटाला ओढणारं झालं तर सरस (जनावराच्या कातड्या-हाडांचा गोंद). पांढरट होऊन रबरासारखं मऊ पडलं तर फेव्हिकॉलच्या जातीचा पांढरा गोंद. काहीच फरक पडला नाही तर बहुधा इपॉक्सी, आणि मग काम अवघड आहे हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

सांधा उघडताना

पहिलं काम लोखंड शोधायचं. जुन्या दुरुस्तीतले खिळे पुट्टीखाली लपलेले असतात. लोहचुंबक फिरवला की सापडतात. कोपऱ्याला मारलेल्या लोखंडी एल पट्ट्या तर सरळ दिसतातच. या पट्ट्या आणि खिळे लाकडाला हलू देत नाहीत, म्हणून लाकूड त्यांच्या शेजारी फाटतं. गंजलेला स्क्रू फिरत नसेल तर त्याच्या डोक्यावर तापलेला सोल्डरिंग गन थोडा वेळ टेकवा. लोखंड तापून फुगतं, निवताना आकसतं, आणि गंजाची पकड सुटते. मग पेचकस नीट बसवून आधी किंचित घट्ट करा, नंतर उलटा फिरवा.

सरसाचा सांधा असेल तर इंजेक्शनच्या सुईने कोमट पाणी फटीत सोडत राहायचं. घाई नको. दुसरा मार्ग स्पिरिटचा: स्पिरिट सरसातलं पाणी ओढून घेतं, सरस ठिसूळ होतो आणि मोगरीच्या (लाकडी हातोड्याच्या) हलक्या ठोक्याने सुटतो. पण स्पिरिटने चपड्याचं (लाखेचं) पॉलिश विरघळतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक जुन्या शिसवी कामावर चपडाच असतो. म्हणून स्पिरिट वापरायचं तर सुईच्या टोकानेच, आजूबाजूला एक थेंब न सांडता. पांढऱ्या गोंदाला कोमट व्हिनेगर बऱ्यापैकी मऊ करतं, वेळ मात्र बराच लागतो.

मोगरी आणि लाकूड यांच्यामध्ये नेहमी मऊ लाकडाचा तुकडा धरा. प्रत्येक भागावर पेन्सिलने खूण करा. एकाच खुर्चीच्या चार पट्ट्या दिसायला सारख्या असतात, पण हाताने केलेल्या कामात प्रत्येक कुसू आपापल्या भोकालाच बसतं.

कुसू परत भरून काढणं

बहुतेक दुरुस्त्या इथे फसतात, कारण हे काम कंटाळवाणं आहे. कुसवावरचा आणि भोकातला जुना गोंद पूर्ण निघाला पाहिजे. सरसाच्या बाबतीत थोडी सूट आहे. नवा गरम सरस जुन्या सरसाला वितळवून त्याच्याशी एक होतो, म्हणून पातळ थर राहिला तरी चालतो. पांढऱ्या गोंदाच्या जुन्या थरावर नवा गोंद नीट धरत नाही. तिथे लाकूड उघडं पडेपर्यंत खरवडायचं. पण कानस मारून कुसूच बारीक करू नका. पटाशी उलटी धरून, धारेने हलकेच खरवडलं की गोंद निघतो आणि लाकूड राहतं.

आता कोरडं बसवून बघा. कुसू हाताच्या दाबाने आत जावं आणि खुर्ची उलटी केली तर आपणहून गळून पडू नये. मोगरी लागत असेल तर ते जास्त घट्ट आहे, पावसाळ्यात तंतू चेपतील. सैल असेल तर त्याच जातीच्या लाकडाचा पातळ पत्रा कुसवाच्या दोन्ही गालांवर (रुंद बाजूंवर) चिकटवायचा, रेषा कुसवाच्याच दिशेने ठेवून. रंध्यातून निघालेली जाडसर, सलग ढलपी या कामाला उत्तम. सुकल्यावर पटाशीने घासत घासत मापाला आणा. भुसा आणि गोंद कालवून फट भरायची सवय सोडून द्या. ते मिश्रण दिसायला भरीव असतं, पण ताण आला की चुरा होतो.

गोल कुसू असेल, जसं आरामखुर्चीच्या आडव्या दांड्यांना असतं, तर पाचरीचा उपाय चांगला. कुसवाच्या टोकाला चीर देऊन त्यात बारीक पाचर बसवायची. चिरेची दिशा मात्र नीट ठरवा: पायाच्या लाकडाच्या रेषांना चीर काटकोनात हवी. मग पाचरीचा दाब पायाच्या रेषांच्या दिशेने पडतो. चीर उलट दिली तर पहिल्याच ठोक्याला पाय उभा चिरतो.

गोंद कोणता

जुन्या फर्निचरला मी सरसच वापरतो आणि इतरांनाही तेच सांगतो. कारण साधं आहे. पन्नास वर्षांनी कुणाला तो सांधा उघडायचा झाला तर कोमट पाण्याने उघडेल. पांढरा गोंद नव्या कामाला उत्तम आहे, पण जुन्या वस्तूत तो पुढच्या माणसाची वाट अडवतो. शिवाय सतत ताणाखाली तो किंचित सरकत राहतो. पाठीला रेलून बसायच्या खुर्चीत हा दोष लवकर दिसतो.

सरसाचे दाणे आधी थंड पाण्यात काही तास, शक्यतो रात्रभर, भिजवायचे. मग पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात तापवायचे. ६० ते ६५ अंशांवर ठेवा. उकळी येऊ दिली की त्याची ताकद जाते. ब्रशमधून तुटक थेंबांनी न पडता सलग धारेने ओघळेल इतपत पातळ हवा. लाकडाचे भागही उन्हात किंवा गरम हवेने कोमट करून घ्या. सरस थंड लाकडावर लावल्या लावल्या गोठतो, आणि गोठलेल्यावर क्लॅम्प आवळून काही मिळत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही एक सोय आपोआप मिळते. क्लॅम्प एक रात्र तरी ठेवा, आणि खुर्ची सपाट जागी ठेवून दोन्ही कर्ण दोरीने मोजा. ते सारखे भरले तरच खुर्ची गुण्यात (काटकोनात) आहे.

सागवानात स्वतःचं तेल असतं. पत्रा चिकटवायच्या किंवा सांधा भरायच्या अगदी आधी तो भाग ॲसिटोनने पुसून घ्या. ॲसिटोन उडालं की लगेच सरस लावा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. तेल परत वर येतं. शिसवीलाही हे लागू आहे.

देव्हारा किंवा चौरंग दुरुस्तीला आला असेल तर घरच्यांना आधी विचारा. सरस जनावराच्या कातड्या-हाडांपासून बनतो, आणि पूजेच्या वस्तूला तो लावलेला अनेक घरांत चालत नाही. तिथे कोरडा सांधा आणि आरपार लाकडी खुंटी हा मार्ग आहे. कुसवातलं खुंटीचं भोक खांद्याच्या (जिथून कुसू सुरू होतं त्या कडेच्या) बाजूला अगदी किंचित, अर्धा-पाऊण मिलिमीटर, सरकवून पाडायचं. खुंटी आत गेली की ती सांधा ओढून घट्ट करते. गोंदाचा थेंबही लागत नाही आणि हा सांधा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. खरं सांगायचं तर मला हाच सगळ्यात जास्त आवडतो.

चिरलेली फळी

कपाट आणि फडताळ यांच्या दारातली फळी चौकटीच्या खोबणीत मोकळी बसवलेली असते. जुन्या सुतारांनी ती मुद्दाम मोकळी ठेवली होती. नंतर कुणीतरी खुळखुळ थांबवायला कडेला गोंद घालतो किंवा बारीक खिळे मारतो. कधी पॉलिशचे थर साचून फळी खोबणीला चिकटते. मग उन्हाळ्यात फळी आकसते, कडा सुटत नाहीत, आणि मधे फाटते. ही चीर भरून उपयोग नाही; पावसाळ्यात भरणा चेपून बाहेर येतो आणि चिरेच्या शेजारी नवी चीर पडते.

आधी फळी मोकळी करा. पातळ पात्याने खोबणीभोवतीचं साचलेलं पॉलिश कापा, खिळे काढा, हलक्या हाताने फळी सरकते का बघा. एकदा ती सुटली की अनेकदा चीर नुसत्या हाताच्या दाबाने बंद होते. तेव्हा चिरेत सरस घालून क्लॅम्प लावा. खोबणीत मात्र गोंदाचा थेंब जाता कामा नये. फळी परत बसवताना वर आणि खाली बरोबर मध्यावर एकेक बारीक खुंटी दिली की ती दोन्ही बाजूंना सारखी आकसते-फुगते.

खोबणीत किती जागा ठेवायची ते महिन्यावर अवलंबून आहे. मेमध्ये बसवत असाल तर ३०० मिलिमीटरच्या फळीला दोन्ही बाजू मिळून किमान ३-४ मिलिमीटर मोकळे हवेत. भर पावसात बसवत असाल तर जवळजवळ भरून बसवा. फळीच्या कडांना बसवण्याआधीच पॉलिश करा, नाहीतर उन्हाळ्यात कडेला कोऱ्या लाकडाची पांढरट रेघ उघडी पडते.

टेबलाच्या पाटाचंही (वरच्या फळीचंही) असंच. पाट खालच्या चौकटीला स्क्रूने जाम केला असेल तर तो चिरणारच. लाकडी बटणं (चौकटीच्या खाचेत सरकणारे छोटे तुकडे) किंवा लांबट भोकं देऊन तो हलता ठेवा. पाटाची खालची बाजू कोरी असेल तर तिलाही चपड्याचे दोन हात द्या. एक बाजू बंद आणि एक उघडी असली की ओलावा एकीकडूनच आत-बाहेर होतो आणि पाट वाकतो.

काम कधी करायचं

सांधा भरताना लाकडाचा ओलावा वर्षातल्या दोन टोकांच्या मधोमध असावा, ८ ते १० टक्के. आपल्या हवेत दिवाळीनंतर ते जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतचा काळ यासाठी सगळ्यात चांगला. ऑगस्टमध्ये फुगलेला सांधा भरला तर तो मेमध्ये सुटेल, हे ठरलेलंच. तातडी असेल तर लाकूड काही आठवडे आतल्या कोरड्या खोलीत ठेवून मगच सांधा.

मॉइश्चर मीटर असेल तर उत्तम. नसेल तर भिंतीवर एक साक्षी फळी टांगा: बिनपॉलिशची, साध्या चिराईची सागवानी फळी, तिच्यावर रेषांच्या आडव्या दिशेने बरोबर ३०० मिलिमीटर अंतरावर दोन बारीक टाचण्या. दर महिन्याला ते अंतर मापून तारखेसह फळीवरच लिहा. एक वर्ष झालं की तुमच्या वर्कशॉपची हवा कशी चालते ते समोर दिसतं. अंतर सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मापाच्या मधे आलं की कामाचा हंगाम आला. अचूक आकडाच हवा असेल तर लाकडाचा तुकडा तोला, १०३ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा आणि परत तोला. गेलेलं वजन भागिले सुकं वजन, गुणिले शंभर.

मुंबई-कोकणातून आणलेल्या वस्तूंना हे सगळं दुपटीने लागू. दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेला पलंग इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो. आल्या आल्या सांधू नका. वाऱ्याच्या झोतापासून दूर, सावलीत काही आठवडे राहू द्या, मग किती सुटतंय ते बघून काम ठरवा.

घरी गेल्यावर

गिऱ्हाइकाला मी दोन गोष्टी आवर्जून सांगतो. कूलरचा झोत फर्निचरवर येऊ देऊ नका. संध्याकाळभर ओली हवा आणि दिवसभर रखरखीत, अशी रोजची ये-जा लाकडाला एकसारख्या कोरड्या हवेपेक्षा जास्त छळते. आणि पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तर निदान एप्रिल-मे वस्तू तिथून हलवा. वेताची बैठक असेल तर उन्हाळ्यात आठवड्याला एकदा खालच्या बाजूने पाण्याचा हलका फवारा द्या. त्याने वेत ठिसूळ होत नाही.

तरीही सुटत असेल तर

सगळं नीट करूनही तोच सांधा परत हलला तर बहुधा पायाच्या भोकालाच उभी चीर असते. ती बंद असताना दिसत नाही. पॉलिश नसलेल्या आतल्या भागावर स्पिरिटचा हात फिरवा; स्पिरिट उडताना चिरेत ओल मागे राहते आणि काळी रेघ उमटते. अशा चिरेत पातळ सरस सोडून, भोकात मेण लावलेला ठोकळा घालून बाहेरून क्लॅम्प द्या, म्हणजे भोकाचं माप बदलत नाही. ती सुकल्यावरच कुसवाकडे वळा. आणि कुसूच मुळाशी मोडलेलं असेल, तर पट्टीच्या टोकात खाच पाडून त्याच लाकडाचं नवं कुसू बसवावं लागतं. अख्खी पट्टी बदलायचा सोपा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नका. जुन्या पट्टीवरचा रंग आणि हाताने मारलेल्या रंध्याच्या खुणा नव्या लाकडात येत नाहीत.